प्लॅस्टिक बंपरवरील पोचा

मोटारगाडीच्या पुढील व मागील टोकांस असलेल्या प्लॅस्टिकच्या आवरणाला धक्का लागून जो खोलगट आकार येतो, त्यास बंपरवरील पोचा म्हणतात. गॅरेजच्या बोलीत त्यासाठी 'डेंट' हा शब्द रूढ आहे. गाडी मागे घेताना खांबाला टेकणे, वाहनतळावरील कठडा लागणे, शेजारच्या गाडीचा कोपरा किंवा दुचाकी आदळणे ही त्याची नेहमीची कारणे होत. पत्र्यावरील पोचा व प्लॅस्टिकवरील पोचा दिसायला सारखे असले तरी त्यांचा स्वभाव भिन्न असतो. पत्र्यावरील पोचा ठोकून किंवा ओढून काढावा लागतो. प्लॅस्टिकवरील पोचा पुष्कळदा ऊब देऊन मागून दाबल्यास घरच्या घरी निघतो. मात्र पोचा निघाला म्हणजे बंपर पूर्ववत झाला असे निश्चित म्हणता येत नाही, कारण धक्का सोसणारे भाग या आवरणाच्या आड दडलेले असतात.

रचना

व्यवहारात ज्याला बंपर म्हटले जाते ते वस्तुतः बंपरचे आवरण होय. त्याची जाडी साधारणतः २.५ ते ३ मिलिमीटर असते. गाडीला सुबक आकार देणे, वाऱ्याला वाट देणे, धुक्यातील दिवे व क्रमांकपट्टी धरून ठेवणे ही त्याची कामे. त्यामागे बहुधा फेसाळ प्लॅस्टिकचा हलका ठोकळा असतो. तो दाबला जाऊन किरकोळ धक्क्याची ऊर्जा शोषतो. त्याच्याही मागे पोलादाची किंवा ॲल्युमिनियमची आडवी तुळई असते, आणि ही तुळई चुरडून ऊर्जा गिळणाऱ्या दोन छोट्या पेट्यांच्या साहाय्याने गाडीच्या सांगाड्याला जोडलेली असते. सर्वच गाड्यांत हे सारे भाग असतात असे नाही. अलीकडच्या गाड्यांत आवरणाच्या आतल्या बाजूस पार्किंगचे संवेदक, काहींत रडार, तर काहींत पादचाऱ्याला धडक बसल्याचे ओळखणारी दाबनळीही बसविलेली असते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

पूर्वी बंपर म्हणजे क्रोमचा मुलामा दिलेली पोलादी पट्टी असे. मुंबईत कुर्ला येथे तयार होणारी प्रीमियर पद्मिनी व कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याची अँबॅसडर या गाड्यांचे चकचकीत बंपर जुन्या पिढीच्या चांगले स्मरणात आहेत. अशा बंपरला पोचा पडला तर तो उतरवून ठोकावा लागे, आणि मुलामा उडाला की त्याखालचे लोखंड पावसाळ्यात गंजू लागे.

इ.स. १९६८ च्या पाँटियाक जीटीओ या अमेरिकन गाडीला 'एंड्युरा' नावाचा, गाडीच्याच रंगाचा, दबून पुन्हा वर येणारा पुढील बंपर बसविण्यात आला. इ.स. १९७२ मध्ये फ्रान्समधील रेनो ५ ही गाडी प्लॅस्टिकचे बंपर घेऊन बाजारात आली. त्याच वर्षी १ सप्टेंबरपासून अमेरिकेत असा नियम लागू झाला की, पुढून ताशी ५ मैल (सुमारे ८ किमी) व मागून ताशी २.५ मैल वेगाने गाडी अडथळ्यावर आदळली तरी दिवे, इंधनव्यवस्था यांसारखी सुरक्षेची साधने शाबूत राहिली पाहिजेत. पुढे इ.स. १९८२ मध्ये ही मर्यादा दोन्ही बाजूंस ताशी २.५ मैल, म्हणजे सुमारे ४ किमी, इतकी खाली आणली गेली. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाचा ४२ क्रमांकाचा नियमही याच सुमाराच्या वेगाची चाचणी सांगतो. या आकड्यांवरून एक गोष्ट ध्यानात येते. बंपरने ज्या वेगापर्यंत साधने सांभाळावीत अशी अपेक्षा आहे, तो माणसाच्या चालण्याचा वेग आहे. त्याहून जोराचा धक्का बसला असेल, तर आवरणावर फक्त एक खळगा दिसतो म्हणून निर्धास्त राहणे योग्य नव्हे.

भारतात मारुती ८०० च्या काळ्या प्लॅस्टिक बंपरमुळे हा प्रकार सर्वसामान्यांच्या परिचयाचा झाला. गाडीच्याच रंगात रंगविलेले बंपर मात्र नंतर सार्वत्रिक झाले, आणि पोच्याबरोबर रंगाची चिंताही आली.

बंपरचे द्रव्य

आजच्या बहुसंख्य बंपरांचे आवरण पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकचे असते. इटालियन रसायनशास्त्रज्ञ जुलियो नात्ता यांनी इ.स. १९५४ मध्ये हे स्फटिकी स्वरूपात तयार केले. त्यासाठी वापरलेली उत्प्रेरके जर्मन शास्त्रज्ञ कार्ल त्सीग्लर यांच्या संशोधनातून आली होती, आणि दोघांना मिळून इ.स. १९६३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. नुसते पॉलिप्रॉपिलीन थंडीत ठिसूळ होते. म्हणून त्यात ईपीडीएम नावाचे रबर मिसळतात, आणि आकार टिकावा, आकुंचन कमी व्हावे म्हणून शंखजिऱ्याची भुकटी घालतात. शंखजिरे म्हणजे ज्यापासून अंगाला लावायची पावडर होते तेच खनिज.

हे सर्व आवरणाच्या आतील बाजूस ठशाने लिहिलेले असते. उदाहरणार्थ, 'पीपी + ईपीडीएम – टी २०' असा ठसा असेल तर ते पॉलिप्रॉपिलीन व ईपीडीएम यांचे मिश्रण असून त्यात २० टक्के शंखजिरे आहे असा अर्थ होतो. दुरुस्तीपूर्वी हा ठसा वाचणे अत्यावश्यक आहे, कारण काही गाड्यांचे आवरण पॉलिकार्बोनेटच्या मिश्रणाचे, तर काही जुन्या आयात गाड्यांचे पॉलियुरेथेनचे असते, आणि त्यांची उष्णतेला व चिकटपदार्थांना प्रतिसाद देण्याची रीत निराळी असते.

ठसा सापडला नाही तर आवरणाचा लहानसा कपचा पाण्यात टाकून पाहावा, तरंगला तर पॉलिप्रॉपिलीन, असे सांगितले जाते. शुद्ध पॉलिप्रॉपिलीनची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे ०.९ ग्रॅम असल्याने ते तरंगते हे खरे. परंतु २० टक्के शंखजिरे मिसळलेल्या मिश्रणाची घनता १ च्या किंचित वर जाते आणि कपचा बुडतो. या परीक्षेवर विसंबून बंपर दुसऱ्याच द्रव्याचा ठरविल्याने चुकीची सळई वापरली जाते व सांधा धरत नाही.

पोचा पडण्याचे व निघण्याचे कारण

तांब्याच्या हंड्याला पोचा पडतो तेव्हा धातू त्या जागी ताणला जाऊन कायमचा सरकलेला असतो. पुण्याच्या तांबट आळीतला कारागीर आतून आधार देऊन बाहेरून लाकडी हातोड्याने तो पुन्हा सरकवतो. प्लॅस्टिकच्या बंपरचे असे नसते. त्याचा फुगीर भाग धक्क्याने उलट बाजूस कलंडतो आणि तिथेच अडकून बसतो. पत्र्याच्या डब्याचे फुगीर झाकण अंगठ्याने दाबले असता 'टक्' असा आवाज होऊन आत जाते व मागून दाबले की पुन्हा वर येते, तशातलाच हा प्रकार. मधला भाग फारसा ताणला गेलेला नसतो. त्याला आत धरून ठेवते ती कडेची वाकलेली कड.

ही कड मऊ केली की मधल्या भागाची सुटका होते. पॉलिप्रॉपिलीन सुमारे १६५ अंश सेल्सियसला वितळते, पण त्याच्या बरेच आधी नरम होऊ लागते. ८० अंशांच्या आसपास त्याचा ताठरपणा खोलीच्या तापमानाच्या मानाने निम्म्याहूनही कमी उरतो. साच्यात घडताना मिळालेल्या आकाराकडे परतण्याची त्याची ओढ मात्र कायम असते. म्हणूनच कधी कधी उन्हात उभ्या गाडीचा उथळ पोचा कोणी हात न लावताच निघालेला आढळतो.

या क्रियेचे स्पष्टीकरण बऱ्याचदा चुकीचे दिले जाते. चेमटलेला टेबल टेनिसचा चेंडू गरम पाण्यात टाकला की फुगतो, तसाच बंपरही 'प्रसरण पावून' सरळ होतो, असे म्हणतात. चेंडूत कोंडलेली हवा तापून त्याची भिंत आतून ढकलते. बंपरच्या मागे अशी कोंडलेली हवा नसते. तेथे ढकलण्याचे काम हातालाच करावे लागते. उष्णता फक्त विरोध कमी करते. हा भेद न समजल्याने पुष्कळ लोक बाहेरून किटल्यांमागून किटल्या ओततात आणि पोचा हलत नाही म्हणून उपाय खोटा ठरवतात.

पोच्याची परीक्षा

घरी निघणारा पोचा कोणता, हे ऊब देण्यापूर्वीच बव्हंशी ओळखता येते. प्रथम बंपर धुवून कोरडा करतात आणि तिरप्या उजेडात पाहतात. खळग्याची कड गोलसर, बोट फिरवताना सलग लागत असेल आणि रंगाला तडा नसेल, तर तो केवळ कलंडलेला भाग असतो व त्याच्या निघण्याची चांगली आशा असते. कडेवर धारदार घडी पडली असेल, तर ती पूर्णपणे जात नाही. पोचा निघाल्यावरही रेघ उरते. आतील न रंगविलेल्या बाजूस घडीच्या जागी पांढुरकेपणा दिसला, तर द्रव्य तेथे आतून फाटू लागले आहे असे समजावे. प्लॅस्टिकची फूटपट्टी वाकवत नेली असता मोडण्यापूर्वी जी पांढरट रेघ उमटते, तिचे कारणही हेच. अशी जागा जोराने उलट वाकविल्यास तेथे चीर जाण्याचा संभव असतो.

दुसरी परीक्षा सांध्यांची. बंपर व मडगार्ड यांच्यातील फट दोन्ही बाजूंस सारखी आहे का, डिकीचे झाकण नेहमीप्रमाणे लागते का, हे पाहतात. एका बाजूची फट वाढलेली असेल तर आवरणाची खुंटी किंवा धारकपट्टी तुटलेली असते, किंवा मागची तुळईच सरकलेली असते. तुळई वाकली असल्यास पोचा काढणे हे निव्वळ देखाव्याचे काम ठरते. पुढच्या धडकेत तीच गाडीचा सांगाडा वाचविणार असल्याने तेथे घरगुती उपाय थांबवून गाडी कारागिराकडे न्यावी, यात दुमत नाही.

घरगुती पद्धत

सर्वांत निर्धोक साधन म्हणजे उकळते पाणी. त्याचे तापमान १०० अंशांपलीकडे जाऊ शकत नाही, त्यामुळे द्रव्य वितळण्याची भीती नसते आणि शाबूत रंगालाही सहसा इजा होत नाही.

मुख्य अडचण मागून हात पोहोचविण्याची असते. मागील बंपरच्या बाबतीत पुष्कळदा गाडीखालून हात जातो. कोपऱ्यावरील पोच्यासाठी चाकाच्या कमानीतील प्लॅस्टिकचे अस्तर काही स्क्रू व दाबाच्या क्लिपा काढून बाजूला सारावे लागते. या क्लिपांची मधली टाचणी आधी उचलायची असते. पकडीने सरळ ओढल्यास त्या तुटतात. गाडीखाली शिरण्यासाठी ती केवळ जॅकवर उचलून ठेवणे जिवावर बेतू शकते. चाके जमिनीवर असतानाच, हँडब्रेक लावून व चाकाला अडण देऊन हे काम करतात.

पाणी ओतण्यात घाई करून चालत नाही. प्लॅस्टिक उष्णतेचे मंदवाहक आहे. ३ मिलिमीटर जाडीतून ऊब आतल्या पृष्ठभागापर्यंत झिरपण्यास सुमारे पाऊण ते दीड मिनिट लागते. एक भांडे भसकन ओतले तर पृष्ठभाग तापतो आणि पाणी वाहून जाते. म्हणून पोच्याच्या वरच्या कडेपासून बारीक धारेने, कडेभोवती फिरवत पाणी सोडतात आणि दुसरे भांडे उकळतच ठेवतात. पोच्यावर जुना टॉवेल चिकटपट्टीने लावून त्यावर पाणी सोडल्यास ऊब अधिक वेळ टिकते. हे काम दोघांचे आहे: एकाने ओतावे, दुसऱ्याने दाबावे. मात्र ओतणे थांबल्याशिवाय दुसऱ्याने हात आत घालू नये. हातमोजे रबरी व आतून अस्तर असलेले हवेत. सुती मोजे ओले झाले की उकळते पाणी त्वचेशीच धरून ठेवतात.

दाब थेट मध्यावर देण्याचा मोह होतो, पण खळगा मोठा असेल तर कडेपासून सुरुवात करून आत सरकत जाणे हितावह असते. कड सुटली की मधला भाग बहुधा आपणहून आवाज करीत बाहेर येतो. बोटांऐवजी तळवा किंवा कापड गुंडाळलेले लाकडी लाटणे वापरतात. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने दाबल्यास बाहेर फोडासारखा उंचवटा येतो, व तो काढणे मूळ पोच्याहून कठीण. आकार बसताच लगेच थंड पाणी ओततात, म्हणजे नरम द्रव्य त्याच आकारात ताठ होते. पहिल्या प्रयत्नात अर्धा पोचा निघाला तर हीच क्रिया पुन्हा करता येते.

मागून वाट नसेल आणि खळगा रुंद व उथळ असेल, तर ओल्या पृष्ठभागावर रबरी चूषणी लावून बाहेरून ओढतात. कोपऱ्यांवर व नक्षीच्या उंचवट्यांवर ती धरत नाही.

केस वाळविण्याचे यंत्रही वापरले जाते. ते संथ पण सुरक्षित आहे. रंग खरवडण्यासाठी वापरली जाणारी विद्युत् उष्णहवा-बंदूक मात्र ५०० अंशांपर्यंत किंवा त्याहून तप्त हवा सोडते. ती एका जागी काही क्षण स्थिर राहिली तरी रंगाला फोड येतात आणि खालचे प्लॅस्टिक लोंबते. ती वापरायचीच तर १५ सेंटिमीटर अंतरावरून सतत हलती ठेवावी लागते. मेणबत्ती, लायटर किंवा गॅसची ज्योत यांचा उपयोग करू नये. पॉलिप्रॉपिलीन पेट घेते. तापविल्यावर फवाऱ्याच्या डब्यातील गार वायू मारण्याची युक्तीही सांगितली जाते. प्लॅस्टिकवर तिचा उपयोग होत नाही, आणि अशा डब्यांतील बरेच वायू ज्वालाग्राही असतात.

दक्षता

पुढील बंपरमागे रेडिएटरचा पंखा असतो. इंजिन बंद असूनही तो काही गाड्यांत अचानक सुरू होतो, म्हणून इंजिन पूर्ण थंड होऊ देऊन मगच हात घालावा. एअरबॅगचे धक्कासंवेदकही बहुधा पुढील भागातच असतात. गाडीच्या माहितीपुस्तकात सांगितल्याप्रमाणे बॅटरीचे जोड सोडविल्याखेरीज तेथे ठोकाठोक करणे धोक्याचे आहे. भोंगा व दिव्यांच्या जोडण्यांवर थेट पाणी सोडू नये. लहान मुलांना उकळत्या पाण्यापासून दूर ठेवणे हे सांगावे लागू नये, पण असे काम अंगणात चालले की पहिला घोळका त्यांचाच जमतो.

रडार असलेल्या गाड्यांचा विचार वेगळा करावा लागतो. हे रडार ७७ गिगाहर्ट्झच्या आसपास चालते. त्याच्या लहरीची लांबी जेमतेम ४ मिलिमीटर असते. त्यामुळे त्याच्यासमोरील आवरणाचा आकार, त्यावर चढविलेली पुट्टी किंवा रंगाचे जादा थर यांनी संकेत वाकडा होऊ शकतो. गाडी समोरच्या अडथळ्याचे अंतर चुकीचे मोजते, आणि ही चूक डोळ्यांना दिसत नाही. अशा जागेवरील पोचा काढल्यावर कंपनीच्या कार्यशाळेत रडारचे अंशांकन तपासून घ्यावे लागते.

चीर व रंग

चीर गेलेली असल्यास ऊब देऊन आकार बसविता येतो, पण चीर आपोआप सांधत नाही. घरगुती तत्काळ-गोंद येथे निकामी ठरतो, कारण पॉलिप्रॉपिलीनचा पृष्ठभाग चिकटपदार्थांना थारा देत नाही. कारागीर चिरेच्या दोन्ही टोकांना बारीक भोके पाडून ती पुढे जाण्यापासून थांबवतात, मागील बाजूने चिरेवर खाच पाडतात आणि त्याच द्रव्याची सळई वितळवून ती भरतात. बळकटीसाठी पोलादी जाळी किंवा गरम स्टेपल आत रुतवतात. काळ्या, न रंगविलेल्या खालच्या पट्टीवर हौशी माणसाने हा प्रयोग करण्यास हरकत नाही. रंगविलेल्या दर्शनी भागावर तो शिकू नये.

रंगाच्या बाबतीतही चिकटपणाचाच प्रश्न येतो. उघड्या पॉलिप्रॉपिलीनवर आसंजन वाढविणारा विशिष्ट अस्तररंग आधी दिला नाही तर वरचा रंग काही महिन्यांत साल निघावी तसा सुटतो. रंगारी लाकूड व पत्र्यासाठी जी लांबी वापरतात ती वाळल्यावर ठिसूळ होते. लवचीक बंपरवर ती तडकते. प्लॅस्टिकसाठी लवचीक पुट्टी वेगळी मिळते. गाडीचा रंगसंकेत तिच्या माहितीपट्टीवर दिलेला असतो, तरी काही वर्षे उन्हात राहिलेल्या गाडीशी तो तंतोतंत जुळत नाही.

विम्याचा विचार

भारतातील प्रचलित मोटार विम्यात रबर, नायलॉन व प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा धरला जातो; म्हणजे नवा बंपर बसविल्यास आवरणाची निम्मी किंमत मालकाला सोसावी लागते. त्याखेरीज १५०० सीसीपर्यंतच्या खाजगी मोटारीस १,००० रुपये व त्यावरील मोटारीस २,००० रुपये इतकी सक्तीची वजावट असते. दावा केल्यास 'नो क्लेम बोनस'ही जातो. हा बोनस पहिल्या दावारहित वर्षानंतर २० टक्के, पुढे अनुक्रमे २५, ३५, ४५ व ५० टक्के असा वाढत जातो, आणि स्वनुकसानीच्या हप्त्यातून वजा होतो. त्यामुळे ५० टक्क्यांपर्यंत पोहोचलेल्या मालकाने एका पोच्यासाठी दावा केला, तर मिळणाऱ्या रकमेपेक्षा पुढील काही वर्षांच्या हप्त्यांतील वाढ अधिक भरण्याची शक्यता असते. शून्य घसाऱ्याची जोडपॉलिसी असल्यास घसारा टळतो; बोनस मात्र, तो राखण्याची वेगळी जोडपॉलिसी नसेल तर, जातोच. तुळई किंवा संवेदक यांना इजा झाली असल्यास हे गणित उलटते. अशा वेळी पोचा घरी काढण्याआधी नुकसानीची छायाचित्रे घेऊन विमा कंपनीला कळवावे लागते, कारण आकार बदलल्यानंतर केलेल्या पाहणीत धक्क्याचा जोर सिद्ध करणे अवघड जाते.